दर्या ऐकावयास शिकू या

(किनारपट्टीवरील शिक्षक, पंचायत सदस्य, मच्छीमार आणि शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी समुद्राचा संशोधक नव्हे. विज्ञान शिकविण्यात आयुष्य घालविलेला एक शिक्षक आहे. तेव्हा आज आपणांपुढे जे मांडणार आहे ते माझे स्वतःचे संशोधन नसून, गेल्या काही दशकांत जगातील आणि आपल्या देशातील संशोधकांनी समुद्राकडे कान लावून जे जाणून घेतले, त्याचा हा थोडक्यात वृत्तान्त होय. त्यातून आपल्या गावांनी आणि कचेऱ्यांनी एक बोध घ्यावा, अशी माझी विनंती आहे. तो बोध शेवटी सांगेन.

आरंभी एक साधा प्रश्न विचारतो. आपल्या रानात वाघ आहे की नाही, हे वनरक्षक कसे ओळखतो? तो चिखलातील पाऊल पाहतो, झाडावरील नखांचे ओरखडे पाहतो, विष्ठा पाहतो. वाघ दिसला नाही तरी त्याची खूण मागे राहते. आता याच प्रश्नाचे उत्तर समुद्राच्या बाबतीत द्या. या सभागृहापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर जो अरबी समुद्र पसरला आहे, त्यात देवमासे किती आहेत, ते कोणत्या महिन्यात येतात आणि कोठे जातात, हे आपणांस कसे कळणार? पाण्यावर पाऊल उमटत नाही. देवमासा श्वास घेण्यासाठी काही क्षण वर येतो आणि पुन्हा खाली जातो. तो वर आला त्याच क्षणी, त्याच जागी, दिवसाउजेडी आणि शांत दर्यावर आपली होडी असेल तरच तो दिसणार. जून महिन्यात पाऊस कोसळू लागला, होड्या वाळूवर ओढून झापांखाली झाकल्या, की पुढचे कित्येक आठवडे समुद्राकडे पाहणारा मनुष्यच उरत नाही. ज्या समुद्रावर आपण पिढ्यान्‌पिढ्या जगलो, त्याच्या वर्षातील मोठ्या भागाविषयी आपण आंधळे आहोत.

या आंधळेपणावर विज्ञानाने जो उपाय काढला तो असा की, जेथे डोळा चालत नाही तेथे कानाचा उपयोग करावा.

पाण्यातील ध्वनी

सूर्याचा प्रकाश पाण्यात फार खोल जात नाही. सुमारे २०० मीटरच्या खाली तो जवळजवळ संपतो, आणि नदीमुखाजवळच्या गढूळ पाण्यात तर हातभर अंतरावरचेही दिसत नाही. ध्वनीचे याच्या उलट आहे. हवेत ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. समुद्राच्या पाण्यात तो सुमारे १५०० मीटर, म्हणजे चौपटीहून अधिक वेगाने धावतो. हा वेग प्रथम नीट मोजला गेला तो १८२६ साली, स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा सरोवरात. कोलाडॉन आणि स्टुर्म या दोघांनी एक युक्ती केली. सरोवराच्या एका काठाजवळ होडीतून पाण्यात घंटा सोडली. घंटेवर टोला पडताच त्याच क्षणी वर होडीत दारूचा लखलखाट होईल, अशी योजना केली. १३ किलोमीटरहून अधिक अंतरावर दुसऱ्या होडीत कोलाडॉन पाण्यात बुडविलेल्या नळीला कान लावून बसला. लखलखाट दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ त्याने मोजला, आणि पाण्यातील ध्वनीचा वेग दर सेकंदास १४३५ मीटर असा काढला. सरोवराचे पाणी थंड आणि गोडे. समुद्राचे पाणी उबदार आणि खारे, म्हणून तेथे वेग थोडा अधिक भरतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या साधनांनी आलेले हे उत्तर आजही जवळजवळ बरोबर ठरते.

पाण्याला कान लावणे ही केवळ शास्त्रज्ञांची कल्पना आहे, असे मात्र कोणी समजू नये. मलेशियाच्या किनाऱ्यावर 'जुरू सेलाम' नावाने ओळखले जाणारे मच्छीमार होडीतून पाण्यात उतरतात आणि डोके बुडवून माशांच्या थव्याचा आवाज ऐकतात. थवा कोठे आहे, हे ते कानाने ठरवितात. आपल्याकडील घोळ आणि ढोमा हे मासे ज्या कुळातील आहेत, ते कुळच मुळी आवाजासाठी प्रसिद्ध आहे. पोटातील हवेच्या पिशवीवर स्नायूंचे ठोके देऊन हे मासे ढोलासारखा आवाज काढतात. समुद्र मुका आहे, ही समजूत आपली आहे, समुद्राची नव्हे.

कोण कसे बोलतो

देवमासे आणि डॉल्फिन हे मासे नव्हेत, हे शिक्षकांना सांगावयास नको. ते फुप्फुसांनी श्वास घेणारे, पिलांना दूध पाजणारे सस्तन प्राणी आहेत. त्यांचे दोन मोठे गट पडतात आणि दोन्ही गटांची बोली निराळी आहे.

पहिला गट दात असलेल्यांचा. डॉल्फिन यात येतात. ते शीळ घालतात, आणि त्याशिवाय अतिशय जलद असे टिकटिक आवाज सोडतात. हा आवाज समोरच्या माशावर, खडकावर किंवा जाळ्यावर आपटून परत येतो आणि त्या प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते डॉल्फिनला कळते. वटवाघूळ हवेत जे करते तेच डॉल्फिन पाण्यात करतो. मनुष्याचा कान दर सेकंदास २० ते २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनी ऐकू शकतो. डॉल्फिनचे टिकटिक ध्वनी एक लाख कंपनांच्याही पुढे जातात. म्हणून ते आपणांस ऐकू येत नाहीत.

दुसरा गट दातांऐवजी तोंडात झालरीसारख्या पट्ट्या असलेल्या महाकाय देवमाशांचा. निळा देवमासा हा त्यांतील सर्वांत मोठा. त्याचा स्वर इतका खर्जातील असतो की त्यातील काही भाग दर सेकंदास २० कंपनांच्याही खाली जातो, आणि तोही आपणांस ऐकू येत नाही. परंतु असा खर्ज पाण्यात फार दूर जातो. खोल समुद्रात तो शेकडो किलोमीटरवरूनही टिपता येतो. याच गटातील हम्पबॅक, म्हणजे पाठीवर कुबडासारखा उंचवटा असलेला देवमासा, हा तर गवई म्हणूनच ओळखला जातो. त्याचे नर प्रजननाच्या ऋतूत गातात. त्या गाण्यात ठरावीक पदे असतात, ती ठरावीक क्रमाने येतात, एक आवर्तन दहा-वीस मिनिटांचे असू शकते, आणि ते तासन्‌तास चालते. एका समुद्रातील सर्व नर एका वेळी बहुधा एकच गाणे गातात.

यंत्र आणि पद्धती

हे ध्वनी टिपणाऱ्या साधनास हायड्रोफोन म्हणतात. तो पाण्यात चालणारा ध्वनिग्राहक होय. काही विशिष्ट स्फटिक व चिनीमातीसारखे पदार्थ असे असतात की त्यांवर दाब पडला की अल्पशी वीज निर्माण होते. ध्वनी म्हणजे दाबाची लाटच असल्यामुळे ती या पदार्थावर आदळताच विजेचा संकेत तयार होतो, आणि तो साठवून ठेवता येतो. आज असे यंत्र, त्याची बॅटरी आणि साठवणीची चकती हे सर्व एका जलाभेद्य नळकांड्यात बसते. ते वजन बांधून समुद्रतळाजवळ ठेवावयाचे आणि कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी वर काढावयाचे. बॅटरी पुरावी म्हणून पुष्कळदा ते दर अर्ध्या तासातील काही मिनिटेच ध्वनी टिपते. ते रात्री जागते, वादळात जागते, आणि पावसाळ्यात आपण सारे घरी असताना तेवढेच एकटे कामावर असते. शिवाय ते स्वतः कोणताही आवाज करीत नाही. प्राण्याला स्पर्श नाही, पाठलाग नाही, इजा नाही.

वर काढलेल्या ध्वनीचे पुढे चित्र काढतात. आडव्या रेषेवर काळ, उभ्या रेषेवर स्वराची उंची, आणि ध्वनीच्या जोराप्रमाणे छटा गडद. अशा चित्रात हम्पबॅकचे गाणे ओळीने काढलेल्या रांगोळीसारखे दिसते, आणि जहाजाचे इंजिन आडव्या पट्ट्यांच्या रूपाने दिसते. हजारो तासांची ही चित्रे आता संगणक चाळतो आणि अनुभवी मनुष्य त्यांची पडताळणी करतो.

एकाहून अधिक हायड्रोफोन असतील तर प्राणी कोठे आहे, हेही काढता येते. वर्गात देण्याजोगे एक उदाहरण सांगतो. समजा, दोन हायड्रोफोन एकमेकांपासून ६ किलोमीटरवर आहेत आणि देवमासा त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषेवरच आहे. त्याचा स्वर पहिल्या यंत्राला ऐकू आल्यानंतर २ सेकंदांनी दुसऱ्याला ऐकू आला. दोन सेकंदांत ध्वनी ३ किलोमीटर जातो. म्हणजे देवमासा पहिल्यापेक्षा दुसऱ्यापासून ३ किलोमीटर अधिक दूर आहे. अर्थात पहिल्यापासून दीड आणि दुसऱ्यापासून साडेचार किलोमीटरवर. सातवीच्या विद्यार्थ्याला येणारे हे गणित आहे. प्रत्यक्षात देवमासा असा रेषेवर राहात नाही, म्हणून तीन किंवा अधिक यंत्रे लागतात. तत्त्व मात्र हेच.

ऐकण्याने काय साधले

आता कोणी विचारील की, या ऐकण्याचा संरक्षणाशी काय संबंध? इतिहास पाहू या. १९५० नंतरच्या काळात अमेरिकेच्या आरमारासाठी बर्म्युडा बेटाजवळ पाण्यातील आवाज टिपण्याचे काम फ्रँक वॉटलिंग्टन हे अभियंते करीत. त्यांच्या यंत्रांवर हम्पबॅकचे स्वर उमटत. ती ध्वनिमुद्रणे त्यांनी पुढे रॉजर पेन या जीवशास्त्रज्ञांच्या हाती दिली. हे केवळ ओरडणे नसून क्रमाने पुन्हा पुन्हा म्हटले जाणारे गाणे आहे, हे रॉजर पेन आणि स्कॉट मॅक्‌व्हे यांनी १९७१ साली शास्त्रीय निबंधात दाखवून दिले. त्याआधी, १९७० साली, या गाण्यांची तबकडी निघाली होती आणि ती घराघरांतून वाजू लागली. त्या वेळी देवमासा म्हणजे तेल, मांस आणि चरबी एवढाच अर्थ होता. तबकडी ऐकल्यानंतर लोकांच्या मनात प्रथमच तो एक जिवंत, गाणारा प्राणी झाला. पुढे जगभर चळवळ उभी राहिली, आणि १९८२ साली आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने व्यापारी शिकार थांबविण्याचा निर्णय घेतला. तो १९८६ पासून अमलात आला. त्या निर्णयामागे कारणे अनेक होती. पण लोकमत तयार करण्यात त्या गाण्याचा वाटा मोठा होता, यात शंका नाही.

आपल्या दारातील गवई

हे सर्व दूरच्या महासागरांतील झाले. परंतु जगातील सर्वांत एकाकी हम्पबॅक आपल्याच अरबी समुद्रात राहतात.

इतर सर्व महासागरांतील हम्पबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या थंड पाण्यात चरावयास जातात आणि हिवाळ्यात उष्ण पाण्यात प्रजननासाठी येतात. अरबी समुद्रातील हम्पबॅक मात्र ध्रुवाकडे जातच नाहीत. ते बारा महिने येथेच राहतात. याचे कारण आपला मोसमी पाऊस होय. नैर्ऋत्येचे जे वारे आपल्या शेतांना पाऊस देतात, तेच वारे ओमानच्या किनाऱ्याजवळ समुद्राचे खोलातील थंड आणि पोषक पाणी वर आणतात. त्या पाण्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांवर लहान मासे वाढतात, आणि त्यांवर हा देवमासा जगतो. ज्या पावसावर आपले भात पिकते त्याच्याच वाऱ्यावर याचेही पोट भरते. आनुवंशिक अभ्यासावरून हा समूह सुमारे ७०,००० वर्षे इतरांपासून अलग राहिला असावा, असे संशोधकांनी २०१४ साली दाखविले.

या समूहावर एकदा मोठा घाला पडला. सोव्हिएत रशियाच्या शिकारी जहाजांनी १९६० नंतरच्या दशकात अरबी समुद्रात २४२ हम्पबॅक मारले. त्यांतील जवळजवळ सर्व १९६६ च्या एका नोव्हेंबर महिन्यात. ही शिकार त्या काळी लपविण्यात आली होती; खरे आकडे १९९० नंतरच प्रकाशात आले. ओमानजवळ २००० ते २००४ या काळात शेपटीच्या छायाचित्रांवरून जी मोजणी झाली, तिच्यात या प्राण्यांची संख्या सुमारे ८२ निघाली. एका लहान शाळेच्या पटावर याहून अधिक मुले असतात.

हे देवमासे भारताच्या किनाऱ्याकडे येतात काय, याचे उत्तर कित्येक वर्षे किनाऱ्यास लागलेल्या मृत शरीरांवरून आणि मच्छीमारांच्या सांगण्यावरूनच द्यावे लागत असे. नंतर कान लावण्यात आले. केरळच्या किनाऱ्याजवळील उथळ पाण्यात २०११ च्या आरंभीच्या महिन्यांत ठेवलेल्या यंत्रांवर हम्पबॅकचे गाणे उमटले. त्यानंतरच्या काळात आपल्या गोव्याच्या किनाऱ्याजवळील ध्वनिमुद्रणांतही ते आढळले, आणि दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांचा त्या कामात भाग होता. बंधूंनो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. गाणे हे प्रजननाच्या ऋतूचे लक्षण आहे. तेव्हा आपला किनारा ही त्यांची केवळ वाट नसून, कदाचित त्यांच्या संसाराची जागाही असेल. २०१७ च्या अखेरीस तर ओमानच्या संशोधकांनी उपग्रहाद्वारे माग काढण्यासाठी खूण लावलेली 'लुबान' नावाची एक मादी सारा अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूस आली, भारताच्या दक्षिण टोकापर्यंत गेली, आणि पुढे ओमानकडे परतली. कानाने जे सुचविले त्याला उपग्रहाने दुजोरा दिला.

लक्षद्वीपमधील कवरत्ती बेटाजवळ २०१८ च्या अखेरीपासून २०२० च्या आरंभापर्यंत ठेवलेल्या यंत्रांनी निळ्या देवमाशाचे गाणे टिपले. ते एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, अधिक ऐकू आले. जगातील सर्वांत मोठा प्राणी भारतीय बेटांच्या जवळ गातो, हे आपण इतक्या अलीकडे पुराव्यानिशी जाणले!

नद्यांचेही तसेच आहे. गंगेतील डॉल्फिन हा जवळजवळ आंधळा प्राणी. गढूळ पाण्यात तो टिकटिक ध्वनीच्या आधारेच जगतो, आणि त्यामुळेच तो हायड्रोफोनला सहज सापडतो. आठ राज्यांतील २८ नद्यांच्या पाहणीत डोळ्यांनी केलेल्या मोजणीला ध्वनियंत्रांची जोड देण्यात आली. २०२५ साली जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार आपल्या देशात ६,३२७ नदी-डॉल्फिन आहेत. ग्वाल्हेरजवळून वाहणाऱ्या चंबळेतही ते आहेत. आपल्या तिकडील मराठी बांधवांनी हे अभिमानाने सांगावे.

ऐकण्याची मर्यादा

या पद्धतीची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जो प्राणी गप्प आहे त्याची नोंद होत नाही. शंभर स्वर म्हणजे शंभर प्राणी नव्हेत. एकच प्राणी शंभर वेळा बोललेला असू शकतो. डॉल्फिनची टिकटिक काही शे मीटरच्या पुढे टिपणे कठीण असते. म्हणून ध्वनीच्या नोंदीला डोळ्यांच्या पाहणीची आणि मच्छीमारांच्या अनुभवाची जोड लागते.

परंतु सर्वांत मोठी मर्यादा यंत्राची नसून मनुष्याची आहे. मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातात वाकीता नावाचा एक छोटा प्राणी राहतो. तो डॉल्फिनचाच लहान चुलतभाऊ म्हणता येईल. १९९७ साली ते सुमारे ५६७ होते. २०११ पासून तेथे ४६ ठिकाणी ध्वनियंत्रे ठेवण्यात आली. दरवर्षी टिकटिक कमी होत गेली. वर्षागणिक सुमारे एक-तृतीयांश घट. कारणही माहीत होते. तेथील तोतोआबा हा मासा आपल्या घोळीच्याच कुळातील. घोळीच्या ज्या हवेच्या पिशवीला मुंबईकडचे कोळी 'बोत' म्हणतात, तशाच त्याच्या पिशवीला चीनमध्ये अफाट किंमत येते. त्या लोभाने चोरून लावलेल्या जाळ्यांत वाकीता गुदमरून मरत राहिला. बंदीचे हुकूम निघाले, पण मच्छीमारांना पर्यायी जाळी आणि उदरनिर्वाहाची शाश्वती वेळेवर व पुरेशी मिळाली नाही, आणि चोरटा व्यापारही थांबला नाही. आज दहाच्या आसपास वाकीता उरले असावेत, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. यंत्रांनी आपले काम चोख केले होते. त्यांनी एका जातीचा अंत वर्षानुवर्षे नोंदवून ठेवला. ऐकले सर्वांनी, ऐकून जे करावयाचे ते मात्र झाले नाही.

आपला गोंगाट

हायड्रोफोन प्राण्यांबरोबर आपणांसही ऐकतो. मोठ्या जहाजांचा आवाज नेमका त्या खर्जात असतो ज्यात मोठे देवमासे बोलतात. कॅलिफोर्नियाजवळ एकाच ठिकाणी १९६४ ते ६६ आणि २००३ ते ०४ या दोन काळांत घेतलेल्या नोंदींची तुलना करता, त्या खर्जातील गोंगाट १० ते १२ डेसिबलने वाढलेला आढळला. १० डेसिबल म्हणजे ध्वनीच्या तीव्रतेत दहापट वाढ. जत्रेच्या गर्दीत हरवलेल्या मुलाला आईची हाक ऐकू येत नाही. समुद्रात ही जत्रा रात्रंदिवस चालू असते.

हा गोंगाट प्राण्यांच्या शरीरालाही जाचतो, याचा पुरावा एका दुःखद प्रसंगातून मिळाला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिका व कॅनडाच्या बाजूची जहाजवाहतूक एकाएकी मंदावली. कॅनडाच्या फंडी उपसागरातील गोंगाट ६ डेसिबलने उतरला, आणि त्याच दिवसांत तेथील राइट देवमाशांच्या विष्ठेतील ताणदर्शक संप्रेरकांचे प्रमाण घटलेले आढळले. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. आपल्या देशातही २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नदीचे पाणी उथळ असताना बोटींच्या आवाजामुळे गंगेतील डॉल्फिनवर शारीरिक ताण वाढतो, असे दिसून आले.

यावर उपाय आहे, आणि तो फारसा खर्चिक नाही. जहाज किंवा बोट सावकाश चालविली की बहुधा आवाज कमी होतो आणि टक्करही टळते. अमेरिकेतील बॉस्टन बंदराच्या मार्गावर २००८ पासून ध्वनी ऐकणारे १० तरते बोये बसविण्यात आले. राइट देवमाशाचा स्वर ऐकू आला की त्या मार्गावरील वायुवाहू जहाजांना वेग कमी करण्याची सूचना जात असे. व्यापार बंद पडला नाही. फक्त गती उतरली.

आपण काय करावे

आता आरंभी म्हटलेला बोध सांगतो. आपल्या किनाऱ्यावर बंदरे होतील, गाळ उपसला जाईल, पर्यटन वाढेल. हे सर्व नको, असे मी म्हणत नाही. रोजगार सर्वांनाच हवा. माझे म्हणणे एवढेच आहे की, समुद्राविषयीचा कोणताही मोठा निर्णय समुद्राचे ऐकल्यावाचून घेऊ नये. जमिनीवर रस्ता काढताना आपण सातबारा पाहतो, शेजाऱ्याची हरकत मागवितो. समुद्रातील रहिवाशाला हरकतीचा अर्ज करता येत नाही. त्याचा स्वर हाच त्याचा अर्ज समजावा. तोही दोन दिवसांच्या पाहणीने नव्हे, तर पावसाळ्यासह पूर्ण वर्षभर ऐकावा. कारण ज्या महिन्यांत आपण समुद्रावर नसतो, त्याच महिन्यांतील नोंद आपणांजवळ सर्वांत कमी आहे.

अधिकाऱ्यांना माझी ही पहिली विनंती. देवमासे व डॉल्फिन यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उच्च दर्जाचे संरक्षण आहेच. ते कागदावरून पाण्यात उतरण्यासाठी प्राणी कोठे व केव्हा असतो हे माहीत असावे लागते.

पंचायतींना विनंती अशी की, सिंकेरीपासून पाळोळेपर्यंत डॉल्फिन दाखविणाऱ्या ज्या होड्या निघतात, त्यांच्या चालकांना एकत्र बसवून काही साधे नियम ठरवावेत. डॉल्फिनच्या अंगावर होडी घालू नये, कळपाला चार होड्यांनी वेढू नये, पिलू बरोबर असेल तर दूर राहावे, जवळ गेल्यावर वेग उतरवावा. आपल्या किनाऱ्यालगत राहणारा कुबडाचा डॉल्फिन जागतिक यादीत संकटग्रस्त ठरला आहे. तो निघून गेला तर होडीचा धंदाही त्याच्याबरोबर जाईल.

मच्छीमार बांधवांना माझी विनंती नसून आर्जव आहे. यंत्र कोठे ठेवावे, प्रवाह कसा आहे, तळ खडकाळ की चिखलाचा, हे तुमच्यावाचून कोण सांगणार? जाळ्यात डॉल्फिन अडकला किंवा किनाऱ्याला देवमासा लागला, तर दोषाच्या भीतीने लपवू नका, वनखात्यास कळवा. आणि शासनाने कळविणाऱ्याला त्रास न देता त्याचे आभार मानावेत, हेही येथेच सांगून ठेवतो. वाकीताची गोष्ट आपण ऐकली. मच्छीमाराला बाजूला सारून कोणताही प्राणी वाचलेला नाही.

शिक्षकांनो, तुम्हांला यंत्राची गरज नाही. मुलांना बाकावर कान टेकवावयास सांगा आणि दुसऱ्या टोकाला नखाने हलकेच ओरखडा. हवेतून न येणारा आवाज लाकडातून येईल. घमेल्यात पाणी भरून त्यात दोन दगड एकमेकांवर आपटा आणि घमेल्याच्या कडेला कान लावू द्या. नंतर मुलांना सांगा की, बाहेरच्या दर्यात या क्षणी कोणीतरी बोलत असेल.

माझ्या लहानपणी घरातील वडीलधारी माणसे म्हणत, बोलण्याआधी ऐकावे. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हा नियम समुद्रापुरताही पाळावा. ८२ ही संख्या पुढच्या पिढीच्या पाठ्यपुस्तकात वाढलेली दिसेल की पुसली गेलेली, हे आपण आता ऐकतो की नाही आणि ऐकून काही करतो की नाही, यावर पुष्कळ अंशी अवलंबून आहे.